कोटंबीच्या उतारावर बंद केलेली किल्ली

आमची मुलगी संगीता फोनवर सगळ्यांना सांगते, की धरमपूरला येताना बाबांच्या गाडीचे ब्रेक फेल झाले आणि आईचा हात मोडला. हात मोडला हे खरं. ब्रेक फेल झाले नव्हते. मी चौथीपर्यंत शिकलोय, तेही धड नाही. पण जे झालं ते माझ्या हातानं झालं, म्हणून लिहायला दुसरा कुणी चालायचा नाही. ज्यांनी नाशिकहून पेठमार्गे धरमपूरचा रस्ता पाहिला नसेल त्यांना जाता जाता रस्ताही कळेल.

गाडी शिकायच्या आधी मी हा रस्ता शिकलो होतो. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडं मी वीसेक वर्षं मालाबरोबर जायचो. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, माल पोचता करायचा, पावती घेऊन परत यायचं. गुजरातचा माल बऱ्याचदा पेठवरून जायचा. अण्णा म्हणून एक ड्रायव्हर होता. कोटंबी घाटाच्या माथ्यावर आला की गाडी न्यूट्रल करायचा, इंजिन बंद करायचा, कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "चला, आता देवाचं डिझेल." खालपर्यंत ट्रक आपल्या वजनानं जायचा. मालक डिझेल मोजून द्यायचा, वाचलं ते ड्रायव्हरचं. सगळेच असं करायचे. मला वाटायचं हीच खरी ड्रायव्हरी. चालवून कुणीही नेईल, न चालवता नेतो तो ड्रायव्हर.

तपोवनाचं मैदान

माझी बायको यमुना. तिचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. गुजरातेतलं लेकीचं घर बघून चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, तुला माझ्या गाडीतून नेतो.

"तुम्हाला सायकल येत नाही धड," ती म्हणाली.

झालं. सदुसष्टाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. शिकवायला एक बाई. वय असंल तिशीचं. सगळे मॅडम म्हणायचे. पहिल्या दिवशी तपोवनाच्या मैदानावर गाडी तीनदा बंद पडली, तर म्हणते, "बाबा, क्लच सावकाश सोडा. पाय आपटू नका, ही काय मोट नाही."

मी म्हटलं, "पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी ट्रकमधून सुरत पाहिलंय."

"पाहिलंय ना? नेला होता का ट्रक?"

मागं शिकणारे दोघं बसले होते, ते हसले. मला ते लागलं. पण शिकलो. परीक्षेच्या दिवशी आठाच्या आकड्यावर गाडी मागंपुढं केली, चढावर थांबवून परत उचलली, कडेची एक कांडी पाडली नाही. माझ्यापुढं कॉलेजातला एक पोरगा नापास झाला.

मॅडमनं पुष्कळ सांगितलं. चाकात हवा कमी असली की पेट्रोल जास्त खातं. पाय दाबून पळवू नका, पुढं सिग्नल लाल दिसला तर आधीच पाय उचला. डिकीत नको ते ओझं ठेवू नका. हायवेला काच बंद ठेवा, वारा गाडी धरून ठेवतो. हे सगळं मी ऐकलं. मग शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घाटानं जाणार. ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं. न्यूट्रल नाही आणि किल्लीला हात नाही."

"मग पेट्रोल?"

"नव्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल जातच नाही. उलट न्यूट्रलमध्येच जातं."

इंजिन फिरतंय आणि पेट्रोल जात नाही, असं कुठं असतं होय. मी मान हलवली. आमच्याकडं मान हलवली म्हणजे ऐकलं असं नसतं.

मग जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्यात समोर आकडा दिसतो, लिटरला किती चालली त्याचा. मी तो आकडा एकविसाच्या खाली जाऊ द्यायचो नाही. नाशिकात आमच्या घराजवळच्या पेठफाट्याच्या टपरीवर जवान पोरं आपापला आकडा सांगायची, सोळा, सतरा. मी चहा संपेपर्यंत गप्प बसायचो आणि उठताना माझा सांगायचो.

पेठफाटा ते करंजाळी

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी थंडी होती. यमुनानं लेकीसाठी मेथीचे लाडू केले होते, स्टीलचा मोठा डबा भरून. तो तिनं मांडीवर घेतला. मी पट्टा लावायला सांगितला, तर म्हणाली लुगडं चुरगळतं. मी स्वतः लावून दिला. एवढं एक काम मी त्या दिवशी बरोबर केलं.

पेठफाट्याला पंपासमोरून गेलो. पेट्रोलच्या काट्याच्या दोनच कांड्या पेटलेल्या होत्या.

"पेट्रोल भरा की," ती म्हणाली.

"तिकडं भरू. गुजरातला स्वस्त आहे."

इकडचे सगळेच असं करतात. पेठ-सुरगाण्याकडचा माणूस हद्द ओलांडली की आधी पंप शोधतो, मग पाहुण्याचं घर. मीही ठरवलं होतं, रिकामी न्यायची आणि भरून आणायची.

"वाटंत संपलं तर?"

"संपत नसतं. माझा आकडा माहीत नाही तुला."

नाशिक सोडलं की द्राक्षाच्या बागा लागतात, मग त्या विरळ होतात आणि डोंगर सुरू होतो. सावळघाटाच्या अलीकडं ऊन आत आलं. यमुना घामाघूम झाली. एसी मी लावत नाही. "काच उघडा," म्हणाली. "काच उघडली की वारा गाडी धरतो," मी म्हटलं. तिनं पदरानं वारा घेतला. मॅडमनं सांगितलेलं पेट्रोलचं तेवढं मी पाठ केलं होतं. जिवाचं होतं ते सोडून दिलं होतं. हे आता कळतंय, तेव्हा मला मी हुशार वाटत होतो.

सावळघाटात उतारावर न्यूट्रल केलं, इंजिन चालू ठेवून. गाडी छान गेली. करंजाळीला चहा घेतला. पुन्हा बसलो तर समोर पंपाचं पिवळं चित्र पेटलेलं, पेट्रोल संपत आल्याचं. गावाबाहेर पंप होता. मी त्याच्याकडं मान वळवली नाही.

कोटंबी

हा घाट माथ्यावरून पाहिला की डोळ्याला बरा वाटतो. खाली साग, मध्ये भाताची खाचरं. त्या दिवसांत भात कापून झालेला असतो, खळ्यावर झोडपणी चालू असते, रस्त्याच्या कडेला पेंढ्याचे भारे उभे असतात. आमच्याकडं कांद्याची शेड, तिकडं पेंढ्याचे भारे.

पिवळं चित्र तसंच पेटलेलं होतं. मी माथ्यावर आलो, न्यूट्रल केलं आणि किल्ली मागं फिरवली. समोरचे सगळे दिवे मावळले.

"बंद पडली का हो?"

"पडली नाही, पाडली. आता देवाचं डिझेल."

ती हसली. इंजिनाचा आवाज गेल्यावर नुसतं टायरांचं घासणं ऐकू येत होतं. मी तिच्या बाजूची काच आधीच उघडून दिली होती, आता पेट्रोल जाणारच नव्हतं. गार वारा आला. खालून कुठून तरी झोडपणीचा धप्प धप्प आवाज यायचा, पाखरं बोलायची. ती म्हणाली, "किती शांत वाटतं हो." डब्यावर हात ठेवून बसली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला असं कुठं नेलं नव्हतं. दोन वळणं आम्ही तसे गेलो.

तिसऱ्या वळणावर पेंढा भरलेला पिकअप वर येत होता, निम्मा रस्ता अडवून. मी ब्रेक दाबला, लागला. सोडला, परत दाबला, थोडाच लागला. तिसऱ्यांदा पाय दगडावर ठेवल्यासारखा झाला. स्टिअरिंग फिरवायला गेलो तर गंजलेल्या रहाटासारखं जड. किल्ली फिरवायचं डोक्यात आलंच नाही. दोन्ही हातांनी ओढून गाडी डावीकडं, डोंगराच्या अंगाला घातली. चाक नालीत उतरलं, पत्रा दरडीला घासत गेला आणि गाडी थांबली. पिकअपवाला पुढं जाऊन थांबला.

यमुनानं हात पुढं केले होते. उजवा हात मनगटातून वाकडा झाला होता. पट्ट्यामुळं डोकं वाचलं. डबा उघडून लाडू पायात, नालीत, रस्त्यावर. ती ओरडली नाही. हाताकडं बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

खळ्यावरची माणसं धावत आली. सगळ्यांत आधी एक म्हातारी. तिनं न विचारता दोन बांबूच्या कामट्या आणल्या, आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि यमुनाचा हात बांधला. यमुनाला पेंढ्यावर बसवलं, नागलीची पेज पाजली. बाप्यांनी बांबूची तरफ लावून गाडी नालीतून काढली. पुढचा डावा दिवा फुटला होता, पत्रा आत गेला होता. बाकी गाडी धड होती.

"काय झाला बाबा?" त्यांच्यातला एक माझ्यापेक्षा थोडा लहान गडी होता, लक्ष्मण नाव. त्यानं विचारलं.

"ब्रेक फेल," मी म्हटलं. तोंडातून आपोआप आलं.

लक्ष्मणही पिकअप चालवायचा. तो आत बसला, गाडी चालू केली, दहा हात पुढं नेली, ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी राहिली. परत केलं. परत उभी राहिली. उतरला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"ब्रेक तं लय भारी लागतोय," तो म्हणाला. "किल्ली बंद व्हती ना?"

मी किल्ली खिशात टाकली.

"ट्रकचं वेगळं बाबा. त्याला हवेची टाकी राहते, तीन-चार येळा ब्रेक पुरतो. तुमची लहान गाडी, हिचं सगळं इंजिनावर." मग रस्त्याकडं हात करून म्हणाला, "इठं सगळी अशीच उतरतात. पेट्रोल वाचवतात. आमाला गाडी आयकूच येत नाय. आवाज आला म्हणजे आमी बाजूला व्हतो, पोराला वढतो, गाय वढतो. बिनआवाजाची गाडी अंगावरच येते. मागं माझी गाय गेली असल्याच एका गाडीखाली."

त्यानं हे रागानं सांगितलं नाही. पाऊस सांगावा तसं सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढं अण्णाचा ट्रक आला, कांद्यानं भरलेला, मुका, त्याच वळणावरून खाली जाणारा. आणि शेजारी मी, खुशीत.

यमुना पेंढ्यावर बसून सगळं ऐकत होती.

म्हातारीनं नालीतले नाही, पण डब्यातले उरलेले लाडू गोळा करून दिले. मी खिशात हात घातला तर म्हणाली, "ठेव बाबा. बाईला दवाखान्यात ने आन् किल्ली चालू ठेवून ने."

पेठला सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं. तिथल्या पंपावर पेट्रोल भरलं, महाराष्ट्राच्या भावानं. यमुना आता मागच्या सीटवर बसली. हद्द आली, गेली, स्वस्त पेट्रोलचे पंप एकामागून एक लागले. मी कुठंच थांबलो नाही. टाकी भरलेली होती.

धरमपूर

गुजरात सुरू झाला की रस्ता सपाट होतो आणि चहा गोड होतो. चहात गवती चहा आणि पुदिना, तोंडाला बरा लागतो, पण चहा प्यायल्यासारखं वाटत नाही. जावई तिथं शाळेत मास्तर आहेत. घराच्या ओसरीत झोपाळा. आमच्याकडं पाहुण्याला सतरंजी टाकतात, तिकडं झोपाळ्यावर बसवतात. पाय टेकत राहायचं नाहीतर हलत राहायचं. मला दोन्ही जमेना.

"काय झालं बाबा?" संगीतानं दारातच विचारलं.

"ब्रेक फेल झाले."

यमुनानं चप्पल काढली. माणसांसमोर तिनं मला कधी खोटं पाडलं नाही. तेव्हाही पाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावयांनी उंबाडियुं आणलं. पापडीच्या शेंगा, रताळी, कंद, हिरवा मसाला लावून मडक्यात भरतात, मडकं उलटं पुरतात आणि वरून जाळ करतात. हिवाळ्यात तिकडं रस्त्याच्या कडेला जागोजागी मिळतं. आपल्या हुरड्याची मजा वेगळी, पण हेही चांगलं असतं. मला ते गिळवलं नाही. समोर संगीता यमुनाला भरवत होती. जिनं मला आणि दोन पोरांना जन्मभर वाढलं, ती तोंड उघडून घासाची वाट बघत होती. जेवण झाल्यावर संगीतानं तिची वेणी घातली.

मग हात धुऊन संगीतानं फोन उचलला. रफिकला लावला. रफिक म्हणजे आमचा पेठफाट्याचा गॅरेजवाला. निघायच्या आदल्या आठवड्यात त्यानंच गाडी बघून दिली होती, हवा मारून, ब्रेक तपासून. हे संगीताला तेव्हा मीच सांगितलं होतं.

"तुम्ही ब्रेक बघितले म्हणाला होतात ना?" संगीताचा आवाज चढला. "माझ्या आईचा हात मोडला तुमच्यामुळं. म्हाताऱ्या माणसांच्या गाडीत असं काम करता?"

तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. ती बोलता बोलता रडायला लागली. मी झोपाळ्यावर होतो. पायानं जमीन घट्ट धरून बसलो होतो, झोपाळा हलू नये म्हणून. उठून फोन हातात घ्यायचा, एवढंच होतं. पाच पावलं. उठलो नाही.

यमुनानं माझ्याकडं पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं.

परत

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी गाडी पुसून उभी केली. यमुना पिशवी डाव्या हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मी एसटीनं जाते."

"पायरी चढवत नाही तुला."

"चढवंल."

"अगं, आता किल्ली बंद करणार नाही. तोंडानं सांगतोय ना."

"मला किल्लीचं काही नाही," ती म्हणाली. संगीता आत होती, म्हणून आवाज लहान ठेवला. "रफिकला फोन करा. मग बसते."

मी तिला पन्नास कारणं सांगितली असतील. ती पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. संगीताला तिनं सांगितलं, भीती बसली गं गाडीची. जावयांनी तिला नाशिकच्या गाडीत बसवलं. कंडक्टरनं वरून ओढलं, जावयांनी खालून आधार दिला. गुडघ्यावर हात ठेवता येईना, कारण तो हात गळ्यात.

मी एसटीच्या मागं निघालो. पुढं जाता आलं असतं, गेलो नाही. पेठ सोडलं आणि कोटंबीचा चढ सुरू झाला. एसटी कण्हत वर चढत होती, तिचा धूर माझ्या काचेवर. तिसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागली, मग दुसरा टाकला, तेव्हा चढली. ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं. म्हणजे दुसऱ्यात उतरायचं होतं. एवढंच होतं सगळं. मॅडमनं सहा शब्दांत सांगितलेलं मला कळायला घाट उलटा चढावा लागला.

वळणावर दरडीला पांढरा रंग लागलेला होता, माझ्या गाडीचा. लक्ष्मण खळ्यावर होता. इंजिनाचा आवाज ऐकून त्यानं वर पाहिलं आणि हात केला.

करंजाळीला एसटी चहाला थांबली. मी चहाचा ग्लास घेऊन तिच्या खिडकीखाली गेलो. तिनं डाव्या हातानं घेतला.

"केला फोन?"

"रेंज नव्हती घाटात."

"इथं आहे. कंडक्टर बोलतोय की."

मी ग्लास परत द्यायला टपरीवर गेलो. एसटी सुटेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

नाशिकला आल्यावर तिला पेठफाट्यावर उतरवून घेतलं. ती घरी चालत गेली. मी गाडी गॅरेजपुढं लावली. रफिकनं फुटलेला दिवा पाहिला, वाकलेला पत्रा बोटांनी चाचपला, मला स्टूल दिलं.

"रफिक, ब्रेक फेल नव्हते झाले."

"मालूम है बाबा," तो म्हणाला. "ब्रेक फेल झालेली गाडी घाट चढून परत कशी आली असती? आणि ते ब्रेक मी बघितलेले. न्यूट्रल मारली होती ना?"

"किल्ली पण बंद."

त्यानं फुटलेल्या दिव्याचे स्क्रू काढायला घेतले. मग मी विचारलं, "मग संगीताला फोनवर का नाही बोललास?"

"ताई रडत होत्या," तो म्हणाला. "त्यात बापाचं काय सांगू?"

त्यानं दिवा बदलला, पत्रा ओढला. माझ्या गाडीच्या ब्रेकला हात लावला नाही, लावायचं कारण नव्हतं. पण रफिकनं बघितलेले ब्रेक फेल झाले, ही बातमी संगीताच्या फोनांवरून आमच्या गल्लीत आधीच पोचली होती. दोघांनी आपल्या गाड्या दुसऱ्या गॅरेजला टाकल्या. मी त्या दोघांच्या घरी जाऊन सांगितलं. एकानं ऐकलं. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या बाबा, तुम्ही कशाला त्याला वाचवता."

मॅडमलाही सांगायला गेलो. ती एका नव्या बाईला मैदानावर शिकवत होती. सगळं ऐकून म्हणाली, "आईंना कसं आहे?" बाकी काही नाही. टोमणा मारला असता तर सोसला असता.

घरी येऊन यमुनाला म्हटलं, रफिकला सांगितलं. ती म्हणाली, "संगीता राहिली."

संगीताला फोन लावला की ती आधी आईचं विचारते, मग म्हणते, तुम्ही नीट सांभाळलंत म्हणून वाचलात बाबा. त्याच्यापुढं माझी जीभ उचलत नाही. सुरतला अख्खा ट्रक उतरवून घ्यायला जो माणूस व्यापाऱ्याशी भांडायचा, तोच हा. म्हणून हे लिहिलं. हे संगीताला पाठवणार आहे, वाचील आणि काय वाटायचं ते वाटंल.

पाठवायच्या आधी यमुनाला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. ती भिंतीला टेकून, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"मी शांत वाटतं म्हणाले, ते कशाला लिहिलंत?" ती म्हणाली. "लोकांना वाटंल मलाच हौस होती."

"खोडू?"

तिनं विचार केला.

"राहू द्या. वाटलं होतं खरं." मग उठता उठता म्हणाली, "उद्या प्लास्टर काढायला जायचंय. रिक्षा सांगून ठेवा."

सांगितली.